आबांचं बोट आणि मी

मित्रांनो, लॅपटॉपच्या कळांखाली बोट फिरवायला एक गुळगुळीत चौकोन असतो ना, तो मी. मला टचपॅड म्हणतात. आता मी जुना झालो आहे आणि माझा डावा कोपरा झिजून चकाकतो. स्क्रीनला लोक मऊ फडक्याने पुसतात, कीबोर्डवर फुंकर घालतात, आणि माझ्यावर मात्र खुशाल चहाचा कप ठेवतात. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

कारखान्यात मी तयार झालो तेव्हाच माझ्या आत फर्मवेअर भरले गेले. ते म्हणजे आमचे शिक्षणच समजा. बोट कसे ओळखायचे आणि ते आत कसे कळवायचे, हे त्यात लिहिलेले असते. पुढे मी उजनी धरणाच्या काठी पळसदेवला आलो, सोनमच्या घरी. ती बारामतीला राहून कॉलेजात शिकते.

माझे खरे काम सुरू झाले ते तिचे आजोबा गेणबा, म्हणजे घरातले आबा, आजारी पडल्यावर. जन्मभर होडी वल्हवून मासेमारी केलेला हा माणूस एका झटक्यात आडवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताचे एक बोट तेवढे त्यांचे ऐकत होते. मग सोनमने लॅपटॉप घरीच ठेवला आणि स्क्रीनवर चित्रे मांडली. पाणी, चहा, पंखा, दुखतंय, होय, न्हाय. आबांनी माझ्यावर बोट फिरवून चित्र दाबले की लॅपटॉप सोनमच्या आवाजात तो शब्द बोले. कुणी भेटायला आले की आबा आधी पाहुण्यांसाठी चहा सांगत. लोक लॅपटॉपचे कौतुक करत, माझे नाव कुणी घेत नसे. पण ते खरखरीत, ऊबदार बोट माझ्यावर टेकले की मला दुसरे काही नको वाटे.

एका रविवारी सोनम येऊन गेली. तिच्या मोबाइलच्या नेटवरून कंपनीचे नवे फर्मवेअर माझ्यात उतरले. सुधारणा म्हणून पाठवलेले होते, आणि त्यातच चूक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी बोट ठेवले. मला ते नेहमीसारखे कळले. पण आत सांगायला गेलो तर माझे काही पोचेचना. स्क्रीनवरचा बाण जागचा हलेना. आबांनी बोट घासले, जोरात दाबले, शेवटी घशातून आवाज काढला.

सोनमचे वडील रविराज धावत आले. स्क्रीन तर लख्ख चालू होती. माझ्यावर आबांशिवाय घरात कुणाचे बोटच पडत नव्हते, मग बिघाड माझ्यात आहे हे कळणार कसे?

"बोटातली बी ताकद गेली," रविराज म्हणाले. गावातल्या डॉक्टरांनी तपासले आणि आता वयच झाले आहे असे सांगून ते निघून गेले.

आमच्याकडे रीत अशी की म्हातारे माणूस राहत नाही असे वाटले, की सोयऱ्यांना निरोप जातात. "माणूस हाय तवर भेटून जावा." कळंबहून आले, कोऱ्हाळ्याहून आले. ज्याला घोटभर पाणी गिळणे जड, त्याच्यासाठी केळी आणि बिस्किटे आली. प्रत्येक जण वाकून विचारी, "आबा, वळखलं का?" आबा माझ्याकडे हात नेत. मी गप्प. मग तो माणूस मागे वळून सांगे, "न्हाय वळखत."

एकदा असे ठरल्यावर सगळे आबांच्या उशाशीच बसून बोलू लागले. होडी कुणी घ्यायची, लाकडे कुठून आणायची. आबांचे बोट माझ्यावर 'न्हाय'च्या दिशेने घासत होते. मला ते एकूणएक कळत होते आणि एकही पुढे सांगता येत नव्हते. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

सोनम आली तेव्हा आबांनी तिच्या मनगटाला बोट अडकवून माझ्याकडे ओढले. ती रडत म्हणाली, "नका तरास घेऊ, आबा." आणि तिने झाकण मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रविराजांचा पुतण्या दिग्विजय लॅपटॉप मांडीवर घेऊन खाटेजवळच बसला. गावातले फ्लेक्स तोच करतो.

"काय शोधतोस रं?" रविराजांनी विचारले.

"आबांचा चांगला फोटो काढून ठिवतो. श्रद्धांजलीचा फ्लेक्स आयत्या वेळी व्हत न्हाय." त्याने माझ्यावर बोट फिरवले. पुन्हा फिरवले. "आरं, ह्याचा टचपॅडच बंद हाय की."

सोनम दारातच थांबली. तिने येऊन स्वतःचे बोट माझ्यावर ठेवले. मग आबांकडे पाहिले आणि दिग्विजयच्या मांडीवरून लॅपटॉप उचलून घेतला.

दुपारी ती मला इंदापूरला अल्ताफच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. "पॅड चांगला हाय," तपासून तो म्हणाला. "नव्या फर्मवेअरमधी घोळ हाय. जुनंच परत भरून देतो."

संध्याकाळी पाहुणे खोलीतच होते. सोनमने लॅपटॉप आबांच्या हाताखाली ठेवला. बोट टेकले आणि बाण सरकला. आता पाणी मागतील असे सगळ्यांना वाटले. पण बाण सगळी चित्रे ओलांडून अगदी शेवटच्या चित्राकडे गेला. घरातल्या बातम्या सांगितल्यावर आबांना उत्तर देता यावे म्हणून सोनमने ते ठेवले होते.

"कळलं," लॅपटॉप सोनमच्या आवाजात म्हणाला.

आबांनी दिग्विजयकडे पाहून पुन्हा दाबले. "कळलं." मग रविराजांकडे. मग भिंतीला टेकून बसलेल्या एकेका सोयऱ्याकडे. सोनमकडे पाहताना मात्र बोट माझ्यावर बराच वेळ थांबले. शेवटी त्यांनी तेच दाबले.

मित्रांनो, मला पुसा किंवा पुसू नका, हवा तर कपही ठेवा. पण कुणाचे बोलणे थांबले, तर आधी आम्हाला तपासा. आणि तोवर त्याच्या उशाशी बसून, तो गेलाच असे धरून बोलू नका. तो ऐकत असतो. मला माहीत आहे, कारण त्याचे बोट माझ्यावर असते.