ड्रायव्हरमागची खिडकी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं कंपन्यांच्या बसवर ड्रायव्हर आहे मी. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोनदा अडकूनही जो माणूस शांत राहतो, त्याला डॉक्टरला दाखवावं. बायको म्हणते, तुमचं आणि तुमच्या हॉर्नचं बटण एकच आहे. म्हणू दे.

गेल्या जूनमध्ये चाकणच्या आमच्या कंपनीनं ड्रायव्हर, वॉचमन, कँटीनवाले अशा सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. एचआरचे प्रितमसाहेब, वयानं पोरगाच, पडद्यावर चित्रं दाखवत सांगायला लागले. काही माणसांचा मेंदू जरा वेगळ्या पद्धतीनं चालतो. गोंगाट सहन होत नाही, डोळ्यात बघून बोलणं जमत नाही, रोजची गोष्ट रोजच्यासारखीच लागते. अशी एक मुलगी, अंजली, आपण क्वालिटीत घेतोय. मुलाखतीत तिला प्रश्न विचारले नाहीत, दोन दिवस पार्ट तपासायला दिले आणि तिनं ते चोख तपासले. सहा महिने बघू, मग कायम करू. ती टिकली तर आणखी तिघांना घ्यायचं आहे.

शेजारचा वॉचमन जांभया देत होता. मी मात्र सावरून बसलो. अरे, हा तर आमचा भिवाभाऊ!

भिवाभाऊ माझ्या जुन्या, पिंपरीच्या कंपनीत टर्नर होता. तेव्हा मी तळेगाव ते पिंपरी गाडी चालवायचो. काय दिवस होते राव! इंजिनच्या झाकणावर डबे ठेवायचे, दुपारपर्यंत भाजी गरम. मागं पेपर पसरून पत्ते चालायचे, कुणीतरी परसातले पेरू आणायचं. आणि माझ्या मागच्या खिडकीत भिवाभाऊ. कुणाशी फार बोलणं नाही. देहूरोड आलं की मानेमागून आवाज यायचा, "सहा एकोणतीस." रोज. मिनिट इकडचं तिकडं झालं तर ते मिनिट सांगायचा.

त्या सीटवर दुसरं कुणी बसत नसे. नवा माणूस चुकून बसला तर अख्खी गाडी ओरडायची, "ऊठ रे, भिवाची हाय ती!" त्याला चिडवायचे, तऱ्हेवाईक म्हणायचे, नाही असं नाही. पण सीट कधी कुणी घेतली नाही. पडद्यावर चित्रं दाखवायला तेव्हा कुणी साहेब आला नव्हता.

तर जुलैत अंजली आली. संत तुकाराम नगरच्या स्टॉपवर चढली. कानावर मोठे हेडफोन, पिशवी छातीशी धरलेली. गाडी सगळी न्याहाळली आणि बरोबर माझ्या मागच्या खिडकीत जाऊन बसली. मला हसूच आलं.

"आज रस्ता तोच ना, काका?" तिनं खिडकीबाहेर बघत विचारलं.

"तोच, ताई. भोसरी, मोशी, चाकण."

मग रोज हेच. तिनं विचारायचं, मी सांगायचं. एखाद्या दिवशी तिनं विचारलं नसतं तर मलाच चुकल्यासारखं वाटलं असतं.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण सुरळीत चाललेलं कुणाला बघवतंय? सप्टेंबरात बसच्या ठेकेदारानं ॲप आणलं. रोज मोबाईलवर नवा सीट नंबर. पहिल्याच दिवशी अंजलीच्या जागेवर धनेश बसलेला, पेंटशॉपमधला. ती पायरीवर थांबली, पिशवी आणखी घट्ट धरली आणि उतरून गेली. त्या दिवशी खाडा. त्या आठवड्यात असे तीन खाडे.

मी प्रितमसाहेबांना गाठलं. बिचारे आधीच वैतागलेले होते. "काका, शांत खोली दिली, लाईट बदलले, सगळ्यांना ट्रेनिंग दिलं. तरी येत नाही ती. अजून एक खाडा पडला तर वरचे साहेब विषय बंद करणार. तिचाही आणि पुढच्या तिघांचाही."

"अहो, तिला बसायला तिची जागा मिळत नाही म्हणून येत नाही ती!"

त्यांनी तोंडाचा आ केला. बसचा विचार कुणी केलाच नव्हता. लगेच ठेकेदाराला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, ॲपमध्ये सीट कायम ठेवायची सोय नाही, आणि एकाला दिली तर सगळेच मागतील.

दुसऱ्या दिवशी संत तुकाराम नगरच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. आरशात आजही नेमका धनेशच दिसत होता, खिडकीला टेकून.

"धनेश, तेवढी जागा त्या पोरीला सोड. रोजच सोडायची, ज्याचा नंबर येईल त्यानं."

"का म्हणून? मोबाईलवर माझा नंबर आलाय, काका. उद्या मी खिडकी मागितली तर द्याल का?"

झालं! माझं डोकं फिरलं. सीटवरून उठलोच मी. "गाडी काय तुझ्या बापानं..." एवढं म्हणालो आणि जीभच अडली.

कारण हेच वाक्य मी आधी एकदा बोललो होतो. दोन हजार सातच्या मार्चात जुन्या कंपनीनं नवीन बस घेतली, त्यात ड्रायव्हरमागची सीटच काढलेली, पत्रा लावलेला. भिवाभाऊ पायरीवर थांबला. "माझी जागा कुठं हाय?" एकदा, दोनदा, पाच वेळा विचारलं त्यानं. मला उशीर होत होता. मी खेकसलो, "गाडी काय तुझ्या बापानं घेतलीय? बसायचं तर बस, न्हाईतर उतर!" तो उतरला. पंधरा दिवसांत त्यानं राजीनामा दिला. पन्नाशीतला माणूस, हातात सोन्यासारखं काम. मी लाजेनं त्याच्या घराकडे कधी फिरकलो नाही.

हे सगळं मी तिथंच, चाळीस माणसांसमोर, सांगितलं. "मी एका माणसाची नोकरी घालवली, बाबांनो. आता दुसऱ्यांदा नको."

धनेश उठला, बॅग खांद्याला लावली. "आधी सांगायचं ना राव," म्हणाला आणि मागं जाऊन उभा राहिला.

स्टॉपवर अंजली पायरीवर थांबली. खिडकी रिकामी होती. बसली. "आज रस्ता तोच ना, काका?"

"तोच, ताई."

पुढं ॲप रोज नंबर देत राहिलं आणि ज्याला त्या खिडकीचा नंबर यायचा तो गुपचूप अंजलीला आलेल्या नंबरावर जाऊन बसायचा. दिवाळीनंतर आलेली नवी पोरंही. त्यांना कोण सांगायचं, मला आजवर कळलेलं नाही.

जानेवारीत तिला कायम केल्याचं पत्र मिळालं. गाडीत टाळ्या वाजवायच्या नाहीत, असं धनेशनं सगळ्यांना आधीच दटावलं होतं. अंजलीनं पत्र मला दाखवलं आणि पिशवीत नीट ठेवलं.

"धनेशदादांनी मला भिवाकाकांचं सांगितलं," ती म्हणाली. "ते आता कुठं बसतात?"

"माहीत नाही गं."

"मग विचारा ना."

तिला ते इतकं सोपं वाटलं! आणि मला अठरा वर्षांत जमलं नव्हतं.

गुरुवारी सुट्टी होती. गाडी तळेगावच्या गॅरेजला न्यायचीच होती, तशीच पुढं स्टेशनजवळ भिवाभाऊच्या दारात नेली. ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला, डोकं पांढरंफेक. त्यानं बस पाहिली, मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"उशीर केलास, नवनाथ."

"व्हय, भिवाभाऊ. अठरा वर्षं."

"अठरा वर्षं, दहा महिनं."

"चुकलो मी. लई वाईट बोललो तुला."

तो माझ्याकडे बघत नव्हता. गाडीकडे बघत होता. "माझी जागा हाय का?"

"हाय. रिकामी ठेवलीय."

तो आत गेला, चपला घालून बाहेर आला. हातात डब्याची जुनी पिशवी. गाडीत चढला आणि माझ्या मागं बसला. कुठं जायचं, हे त्यानंही विचारलं नाही, मीही नाही. मी पिंपरीच्या रस्त्याला लागलो.

देहूरोड आलं. मानेमागून आवाज आला, "दहा एकावन्न."

मला पुढचा रस्ता दिसेना. डोळे पुसायला मी गाडी कडेला घेतली.

"हितं न्हाई थांबायचं," भिवाभाऊ म्हणाला. "हितं स्टॉप न्हाई."