कपाटाच्या नावावर जमा झालेली माझी करकर

मी एक जुनी, घडीची, लोखंडी खुर्ची आहे. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, पहिल्या रांगेच्या टोकाला माझी जागा. मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्याने आयुष्यात काहीतरी केलेलं असावं, अशी अपेक्षा असते. मी करकरले. तेवढंच केलं आणि त्याचीच आज लाज वाटते.

कारखान्यात मी तयार होत होते, तेव्हा जेवणाची सुट्टी जवळ आली होती. नळ्या नीट वाकवल्या, रंगही छान दिला, पण उजव्या सांध्यातली रिव्हेट घाईघाईने ठोकली गेली. त्यामुळे बसलेला माणूस पुढे झुकला की मी करकरते. मागे रेलला तर अजिबात नाही. तपासणीला आलेले साहेब माझ्यावर मागे रेलून बसले आणि मला पास करून निघून गेले.

वाचनालयात सुरुवातीची वर्षं माझ्यासमोर नुसती भाषणं झाली. तिथे माझं उत्तम चाललं. भाषण ऐकताना कोणी पुढे झुकत नसे. ही खुर्ची किती गुणी, असं शिपाई म्हणायचा.

मग हॉलमध्ये फिल्म क्लब आला. तो काढला वाचनालयाच्या बायंडरने. पुस्तकांच्या पाठी शिवता शिवता त्याला सस्पेन्सचं वेड लागलं होतं, आणि तेही एकाच दिग्दर्शकाचं. त्याची बायको पहिल्या दिवशी माझ्यावर बसली आणि पुढे ती माझी कायमची झाली. तिचा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. तोही त्याच दिग्दर्शकाचा भक्त, पण मेहुण्यांचं एकमत झालं तर चहाला चव कुठली राहणार? बायंडर म्हणायचा, सर्वांत श्रेष्ठ चित्रपट 'पाहुणी'. डॉक्टर म्हणायचा, 'हातमोजा'.

"भाऊजी, तुमच्या 'पाहुणी'त कोण कोणाला मारतंय हेच मध्यंतरापर्यंत कळत नाही."

"कळलं तर सस्पेन्स कसला? तू दात उपटायच्या आधी पेशंटला सांगतोस का, आता दुखेल म्हणून?"

"सांगतो की!"

"म्हणूनच तुझ्याकडे गर्दी नसते."

"अहो, चहा घ्या आधी," बायको म्हणायची. "खुनी पळून जात नाही."

बायंडरचा हुकमी मुद्दा एकच होता. 'पाहुणी'त नायिका बंद कपाटासमोर उभी राहते. संगीत थांबतं. आणि त्या शांततेत कपाट आतून करकरतं. हॉल किंचाळतो. "सगळी वाद्यं बाजूला ठेवली आणि एका कपाटाला बोलायला लावलं!" असं तो दर वेळी उभा राहून म्हणायचा. डॉक्टर मग चहाचा कप पुढे ओढायचा.

मित्रांनो, कपाट करकरत नव्हतं. मी करकरत होते. त्या क्षणी त्याची बायको दर खेपेला श्वास रोखून पुढे झुकायची. क्लबचा एकुलता एक स्पीकर माझ्या शेजारीच, त्यामुळे माझा आवाज बिनबोभाट पडद्यावर जमा व्हायचा. खुर्चीचं कौतुक कोणी करत नाही. माझं झालं ते असं, दुसऱ्याच्या नावावर. मला संकोच वाटायचा, पण सांगणार कोणत्या तोंडाने?

एकदा शेजारच्या शाळेतल्या मुलांना या दिग्दर्शकाचा सर्वोत्तम चित्रपट दाखवायचं ठरलं. वाद झाला आणि कपाटाच्या जोरावर 'पाहुणी' जिंकला. बायंडरची नात त्याच शाळेत. तिने वर्गभर सांगून ठेवलं की माझ्या आजोबांना सस्पेन्समधलं सगळं कळतं.

डॉक्टरने हार मोठ्या मनाने घेतली. सकाळीच येऊन त्याने हॉल आवरला आणि क्लिनिकच्या खुर्चीसाठी आणलेल्या तेलाचे थेंब आम्हा सगळ्यांच्या सांध्यांत सोडले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझी निगा राखली होती. मी सुखावले. मूर्खासारखी सुखावले.

पडदे ओढले. बायंडर उभा राहिला. "मुलांनो, तो प्रसंग आला की डोळे मिटलेत तरी चालेल. कान मात्र उघडे ठेवा."

प्रसंग आला. संगीत थांबलं. माझी मालकीण पुढे झुकली. मी सांध्यात होतं नव्हतं तेवढं बळ आणलं. काही नाही. तेल आपलं काम चोख करत होतं.

"थांबा," बायंडर म्हणाला आणि त्याने चित्र मागे नेलं. पुन्हा शांतता. त्याने तिसऱ्यांदा लावलं.

"काका, आवाज बंद पडलाय का?" एकाने विचारलं.

"नाही रे, कपाटाला तेल घातलंय," दुसरा म्हणाला, आणि हॉल हसत सुटला. नात तेवढी हसली नाही. ती बुटांकडे बघत बसली.

मुलं खाली गेल्यावर बायको माझ्यावर एकदा पुढे झुकली, एकदा मागे टेकली, परत पुढे झुकली. "बाळ, हिला तेल तू घातलंस?"

"हो, सगळ्यांनाच घातलं. जुन्या खुर्च्या वाजतात ना." आणि डॉक्टरने वाकून माझ्या उजव्या सांध्याकडे पाहिलं.

बायंडर माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे इतकी वर्षं मी खुर्चीची समीक्षा करत होतो."

मला वाटलं, डॉक्टर आता हसेल. तो हसला नाही. "ताई, 'हातमोजा'ला ही कधी वाजली होती?"

"तुझ्या 'हातमोजा'ला मी मागे टेकून बसते रे. एकदा तर डोळा लागला."

डॉक्टरने जिन्यातून नातीला वर बोलावलं. "हे बघ, आवाज कपाटाचा नव्हता. पण ज्या चित्रपटाला माणूस पुढे झुकतो, तोच सर्वांत चांगला. आजोबांचं बरोबर होतं. मी हरलो."

नातीने डोळे पुसले. "मग उद्या वर्गात येऊन सांगाल?"

डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं. "उद्या... क्लिनिक असतं गं."

"राहू दे," बायंडर म्हणाला आणि आम्हाला एकेक करून मिटायला लागला.

मित्रांनो, खुर्च्यांची निगा राखा, त्यांना गंजू देऊ नका. पण भरल्या हॉलमध्ये एखाद्याचं हसू झालं आणि नंतर कळलं की त्याचं बरोबर होतं, तर तेही भरल्या हॉलमध्येच सांगा. रिकाम्या खुर्च्यांना सांगू नका. आम्हाला ऐकू सगळं येतं, पण आम्ही ते पुढे कोणाला सांगू शकत नाही.