न्हाणीच्या दारावरचा गडगडाट

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो, आणि सध्या माझा मुक्काम न्हाणीच्या दारावर आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मलाही हसायला आवडलं असतं, पण पत्र्याला हसायचं म्हणजे अंग हलवावं लागतं आणि मला चारही कडांनी खिळे मारलेले आहेत.

कारखान्यातला जन्म मला धड आठवत नाही. मी खरा जन्मलो तो सावद्याजवळच्या या गावात, लोटनआबांच्या हातात. तेव्हा ते आबा नव्हते, लोटनभाऊ होते. केळीची बाग सांभाळायची आणि वैशाखातल्या जत्रेत गावाचं नाटक बसवायचं, ही त्यांची दोन कामं. त्यातलं जिवाभावाचं कोणतं, ते त्यांच्या घरच्यांना विचारू नका. एका वर्षी नाटकात वादळाचा प्रवेश होता. लोटनभाऊंनी बाजारात जाऊन दुकानातला एकेक पत्रा वाजवून पाहिला. दुकानदार वैतागून म्हणाला, "भाऊ, पत्रा घेऊ राह्यले का जावई पाहू राह्यले?"

त्यांनी मला पसंत केलं. विंगेत बांबूला उभं टांगलं, खालची कड दोन्ही हातांनी धरली आणि हलकेच हिसडा दिला. अहाहा! माझ्या पोटातून जे काही निघालं त्यानं मीच दचकलो. इतका आवाज माझ्यात होता, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

जत्रेच्या दिवशी आधी लांबची गुरगुर, मग जवळची, आणि मग कडाड्‍! समोर सतरंज्यांवर बसलेले शेतकरी ताडकन उठले. वैशाखातलं वादळ म्हणजे काय, ते केळीवाल्यालाच विचारावं. पोटच्या पोरासारखी वाढवलेली बाग घटकाभरात आडवी होते. "वावधन आलं रे!" असं ओरडत कुणी धोतर सावरत, कुणी चपला तिथंच टाकून बागेकडे धावले. बाहेर जाऊन पाहतात तर आभाळ निरभ्र, पान हलत नाही. ओशाळून सगळे परत आले आणि बसल्यावर असे हसले की नाटक थांबवावं लागलं. मग एकच धोशा सुरू झाला, "पत्र्याले पुढं आना!" लोटनभाऊंनी मला रंगमंचावर नेलं. मित्रांनो, मी टाळ्या घेतल्या आहेत. तुमच्या घरातल्या कोणत्या पत्र्यानं घेतल्या आहेत, सांगा बरं?

पण दैवाला कुणाचं बरं बघवत नाही. पुढच्या वर्षी तेच नाटक लागलं. माझा प्रवेश यायला अवकाश होता, मी आपला गप्प लटकत होतो, आणि आभाळ गडगडलं. खरंखुरं. आणि मंडपातले लोक? ते टाळ्या वाजवायला लागले! "वा लोटनभाऊ, यंदा त झ्याक जमलं!" कुणी जागचं हललं नाही. गेल्या वर्षी फसलेले लोक यंदा शहाणे झाले होते. लोटनभाऊ रिकामे हात दाखवत रंगमंचावर धावले, "माह्या हातात काही नही रे, हे खरं हाय!" तर लोकांना वाटलं, हाही नाटकातलाच भाग. आणखी टाळ्या. कनाती उडाल्या तेव्हा कुठं डोळे उघडले, पण तोवर शिवारातल्या बागा झोपल्या होत्या. लोटनभाऊंचीही झोपली.

खापर कुणावर फुटलं, सांगायला नकोच. माझ्यावर आणि लोटनभाऊंवर. अहो, मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं! आणि वेळेवर धावून तरी वाऱ्यापुढे कुणी काय केलं असतं? पण नुकसान झालेल्या माणसाला कारण लागतं आणि आभाळाशी भांडता येत नाही. गावचं नाटक बंद पडलं. मला भंगारात द्यावं म्हणून लोक मागे लागले. त्याच सुमारास घरच्या न्हाणीचं दार कुजलं होतं. लोटनभाऊंनी मला त्या चौकटीवर ठेवलं आणि स्वतःच्या हातानं खिळे ठोकले. दर खिळ्याला त्यांचे डोळे भरून येत होते. माझा जीव त्यांनी वाचवला, आणि आवाज घेतला. त्यांच्यावर रागवावं की त्यांना दुवा द्यावा, हे मला त्यांच्या मरणापर्यंत ठरवता आलं नाही.

तेव्हापासून मी इथं आहे. एका बाजूला बंबाची धग, एका बाजूला अंगणातलं ऊन. साबणाचे शिंतोडे खातो, गंज खातो. कुणी दार आपटलं तर माझ्यातून 'धप्प' एवढंच निघतं. आतला गडगडाट आतच फिरतो आणि खिळ्यांना धडकून परत येतो.

बाकी न्हाणीच्या दाराला घरातलं सगळं कळतं. या घरात माणसं कमी, पण एकट्यानं उभं राहायला जागा एकच, ती माझ्याआड. लोटनआबांचा मुलगा हितेंद्र, त्या वादळात लहान होता. बाग पडल्यावर घरात काय हाल झाले ते त्यानं पाहिलं होतं, त्यामुळे नाटक हा शब्द त्याच्यापुढे काढायची सोय नव्हती. त्याची बायको सुनंदाबाई रोज इथं येऊन दोन तांबे जास्त ओतायची, का, तर तेवढा वेळ कुणी हाक मारत नाही. आणि त्यांची लेक डिंपल, जळगावला कॉलेजात शिकणारी.

एके दिवशी डिंपल आत आली, कडी लावली, नळ मोठा सोडला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "मला अडवू नको, आई."

मी चरकलो. म्हटलं, मी तुझी आई कधी झालो? मग ध्यानात आलं. पोरगी नाटक करत होती! कॉलेजचं नाटक जळगावच्या स्पर्धेत उतरणार होतं आणि तिला घर सोडून निघालेल्या मुलीचं काम मिळालं होतं. घरात म्हणायची चोरी, म्हणून तालीम न्हाणीत. रोज ती म्हणायची, "मला अडवू नको, आई." मग थांबायची. नाटकातली आई तिथं काहीतरी बोलत असणार. मग डिंपल कोसळल्यासारखी म्हणायची, "हे तू मला आत्ता सांगतेस? इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

मधल्या त्या जागेत आई काय बोलते? डिंपल स्वतःचीच वाक्यं म्हणायची. त्या एका वाक्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता. आई रागावते का? रडते का? रोज ऐकायचो आणि रोज अर्धं नाटक तोंडात घेऊन राहायचो.

बाहेरून सुनंदाबाईचा आवाज यायचा, "डिंपल, पानी गार होऊन जाईन बाई!" पण तिची पावलं माझ्यापाशीच थांबलेली असायची. ती चोरून ऐकते, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी हितेंद्रला कळलं. तो ओरडला नाही, ओरडला असता तर परवडलं असतं. अंगणात उभा राहून शांतपणे म्हणाला, "कोनी कुठी जानार नही. उद्या केळी कापाले मानसं येतीन. नाटकानं या घरची बाग खाल्ली, तेवढं पुरे."

"पप्पा, पण सगळे माझ्यावर अवलंबून आहेत," डिंपल म्हणाली.

"म्हनूनच म्हन्तो. तुह्या आज्यावरही सारे अवलंबून होते."

दुसऱ्या दिवशी डिंपल न्हाणीत येऊन बसली. नळ नाही, तालीम नाही. माझ्या अंगाला डोकं टेकून मुकाट रडत होती. तिचं कपाळ तापलेलं होतं. त्या घडीला मला जितकं कोंडल्यासारखं वाटलं तितकं पहिल्या खिळ्याच्या वेळीही वाटलं नव्हतं. मी एकदा, फक्त एकदा कडाडलो असतो तर!

तेवढ्यात माझ्यावर थाप पडली. "नीघ भाईर," सुनंदाबाई म्हणाली. "एसटी चुकंन. मीही येते तुह्यासंगं."

डिंपलनं कडी काढली. आई ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन उभी होती.

हितेंद्र आडवा आला. "आन्‍ मानसाईचं जेवन?"

"भाकरी टोपलीत हायेत, भाजी चुलीवर हाय. वाढाले हात तुमाले देवानं देल्ले."

"या घरची बाग..."

"बाग वाऱ्यानं पाडली," सुनंदाबाई म्हणाली. "नाटकानं नही. मामंजी बिचारे हात दाखवत राह्यले, कोनी पाह्यलं नही."

इतक्या वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं, मित्रांनो. मला भडभडून आलं. माझ्यावरचा आळ एका बाईनं पदर खोचून पुसला, आणि मी तिच्यासाठी साधा खणखणूसुद्धा शकलो नाही. हितेंद्र बाजूला झाला. दोघी गेल्या.

तो दिवस कसा गेला, ते विचारू नका. तिकडे पडदा उघडला असेल, दिवे लागले असतील, ती मधली जागा आली असेल, आणि मी इथं, एका कोळ्याला अंगावर घेऊन. दोघी परतल्या तेव्हा घरात सामसूम होती. काय झालं, काय नाही, न्हाणीच्या दाराला कोण सांगणार?

सकाळी सुनंदाबाई आत आली. कडी लावली. पाणी तोंडावर मारलं. उभ्या आयुष्यात तिनं नाटक पाहिलं नव्हतं, ते काल पाहिलं होतं. मग तिनं माझ्या चौकटीची आडवी पट्टी एका हातानं घट्ट धरली, मान वर केली आणि आपल्याच बोलीत, हळूच म्हणाली,

"मी काहून अडवीन तुले? मी त दार धरून उभी हाय गं माय. वाऱ्यानं लागू नये म्हनून."

हेच ते वाक्य! माझ्या अंगातून, सगळ्या खिळ्यांच्या मधून, एक बारीकशी थरथर गेली. सुनंदाबाईनंही हात मागे घेतला नाही.

बाहेर हितेंद्र टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता. त्याला केळीच्या गाडीमागं जायची घाई होती. एरवी त्यानं दार धडाधडा वाजवलं असतं. आज तो कपडे धुवायच्या दगडावर बसला. मग खाकरून म्हणाला, "मंग? पोरगी काय म्हन्ते त्याच्यावर?"

मला पाठ होतं, मित्रांनो! शब्दन्‍ शब्द पाठ होतं! पण खिळे.

आतून सुनंदाबाई म्हणाली, "पुढचा खेळ धुळ्याले हाय. याल त समजंन."

तर मित्रांनो, उपदेश करायचा मला हक्क नाही, मी न्हाणीचं दार आहे. एकच मागणं मागतो. जवळपास कुठं नाटक लागलं तर जा, आणि एखाद्याला बरोबर न्या. ज्याला नेता आलं नाही, त्याच्यापाशी परतल्यावर थोडं थांबा आणि त्याला सांगा. तुम्हाला आवडलेलं तेवढंच नको, मधलं एकही वाक्य गाळू नका.