दिला की केला

इंदूआत्या धारहून सकाळच्या बसनं देवासला उतरल्या, तेव्हा पिशवीत चकल्यांचा डबा होता आणि तोंडी भाच्याचं नाव. थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा, पीयूष, विधानसभेला उभा होता. भाऊ नव्हता राहिला, म्हणून हौस करायला आत्यालाच यावं लागलं. आठवडाभर गुडघ्याला पट्टा बांधून त्या दारोदार फिरल्या.

"थोरल्या पातीचे असा नाहीतर धाकट्या पातीचे," देवासच्या जुन्या दोन संस्थानांची आठवण काढून त्या म्हणायच्या, "आता दोन दरबार उरले नाहीत. मत एकच, पीयूषला."

लोक हसायचे, पाणी द्यायचे आणि मग हमखास एकच गोष्ट विचारायचे. "ते सगळं खरं आत्या, पण बालक मंदिराचं काय?"

बालक मंदिर म्हणजे आत्यांच्या वडिलांनी, गोपाळरावांनी, दरबाराकडून जागा मागून उभी केलेली मराठी शाळा. कौलारू दोन खोल्या, एक कडुनिंब आणि पुढं मोठं मैदान. आत्यांनी तिथंच 'ग' गिरवला होता, आणि झाडाखाली बसून परवचा म्हणताना डोक्यावर पडणाऱ्या निंबोळ्याही खाल्ल्या होत्या. शेजारच्या उमाशंकर बिल्डरनं त्या मैदानावर दावा लावला होता. शाळेचे विश्वस्त म्हणून उरले होते दोघंच, पीयूष आणि त्याची आई रुक्मिणी. आणि लोकांना खुपत होतं ते हे, की त्याच उमाशंकरच्या व्यापारी मंडळात पीयूष उपाध्यक्ष होता.

"गोपाळरावांचा नातू आहे तो," आत्या प्रत्येक उंबऱ्यावर ठणकावून सांगत. "मैदानाचं ढेकूळसुद्धा जाणार नाही. माझा शब्द."

दिवाळीच्या फराळाला मराठी समाजाचं सभागृह गच्च भरलं. पीयूष मराठीत बोलणार होता, हेच मोठं अप्रूप. पोराचं सगळं शिक्षण हिंदीत. मराठी पाटी तो अक्षर लावून वाचायचा आणि क्रियापदं त्याच्या हातून कोकरांसारखी सुटायची. तरी उभा राहिला बिचारा.

"पाणीवर माझं मत साफ आहे," तो म्हणाला. "नर्मदेचं पाणी रोज. एक दिवस आड नाही."

पूर्वी देवासला आगगाडीनं पाणी आलं होतं, ते दिवस आठवून म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. कारखान्यात आधी इथल्या पोरांना काम, टोंकखुर्दच्या सोयाबीनला भाव, देवीच्या टेकडीखाली गाड्यांना जागा. एकेका मुद्द्यावर तो बोलत गेला. कुठं 'ची'चा 'चा' झाला, कुणी खुदकन हसलं, पण मायेनं.

मग सरलाताई उठल्या. मराठी समाजात त्यांची जीभ प्रसिद्ध.

"पाणी, सोयाबीन ऐकलं रे बाळा. बालक मंदिराबद्दल तुझी भूमिका काय? शाळेचा विश्वस्तही तू आणि उमाशंकरचा उपाध्यक्षही तूच. एका पायात चप्पल, एका पायात बूट, असं किती दिवस चालणार?"

हशा पिकला. आत्यांनी पदर मुठीत धरला.

पीयूष मात्र खुलला. "ताई, त्या मामल्यात मी राजीनामा करून टाकला! मागच्याच आठवड्यात."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की वरचा पंखा हलल्यासारखा वाटला. उमाशंकरचं पद लाथाडलं पोरानं! सरलाताईंनीही टाळ्या वाजवल्या. आत्यांचे डोळे भरून आले. 'भाऊ, पाहतोस ना,' त्या मनात म्हणाल्या.

टाळ्यांनी पीयूषला चेव आला. "आता सगळं सेट आहे. दोन्ही पार्ट्या खुश!"

आत्यांचे टाळ्या वाजवणारे हात जागच्या जागी थांबले.

दोन्ही पार्ट्या? पद सोडल्यावर उमाशंकर कशाला खूश होईल?

त्यांचे यजमान यशवंतराव जन्मभर धारच्या कोर्टात वकील. जेवताना ते हसत सांगायचे, "तुमच्या मराठीत राजीनामा म्हणजे खुर्ची सोडणं. आमच्या हिंदी कोर्टात राजीनामा म्हणजे भांडण सोडणं. तुम्ही तो देता, आम्ही तो करतो." इतकी वर्षं हा विनोद त्यांनी पोळीबरोबर गिळला होता. आज तो घशात अडकला.

त्या उठल्या. गुडघा कुरकुरला.

"पीयूष, एक सांग. राजीनामा दिलास की केलास?"

लोक हसले. आत्या पोराचं व्याकरण सुधारतायत! पण पीयूष हसला नाही. त्यानं समोरच्या ओल्या डोळ्यांकडं पाहिलं, टाळ्या वाजवून लाल झालेल्या तळव्यांकडं पाहिलं, आणि ही माणसं कशासाठी आनंदली ते त्याला तेव्हाच कळलं. प्रचार सांभाळणारा चिराग मागून पुटपुटला, "भिया, जो पूछ रही हैं, हां बोल दो. बात खतम."

पीयूषनं घसा खाकरला.

"दिला, आत्या. राजीनामा दिला."

त्या संध्याकाळी त्याच्या तोंडून निघालेलं तेवढंच मराठी अगदी निर्दोष होतं. पोराला मराठी येत होतं. खोटं बोलण्यापुरतं येत होतं.

पुन्हा टाळ्या सुरू झाल्या, तोच पहिल्या रांगेतून रुक्मिणीवहिनींचा भोळा आवाज आला.

"अरे, पण माझाही दिला ना? तूच म्हणालास, 'आई, राजीनामा आहे, इथं सही कर.' मला वाटलं, म्हातारीला विश्वस्तपदातून मोकळी केलीस. देवापुढं साखर ठेवली मी!"

आत्या वहिनींजवळ जाऊन बसल्या.

"वहिनी, तुम्ही सुटला नाहीत. उमाशंकरशी तडजोड झाली आहे. त्यावर सही केलीत तुम्ही."

रुक्मिणीवहिनींनी मुलाकडं पाहिलं. तो खाली बघत होता.

"पूरा नाही, आधाच मैदान दिलंय," तो अखेर हिंदी-मराठीच्या मधल्या त्याच्या खऱ्या भाषेत म्हणाला. "केस हरलो असतो तर पूरा जायचं. आणि आत्या, शाळेत मुलं किती उरली? मराठी वाचतं कोण? मला तरी येतं का?"

आत्या एवढंच म्हणाल्या, "मग हे विचारून करायचं होतंस. मी दारोदार शब्द दिलाय रे."

"आत्या, तू घरची आहेस."

"म्हणून तर लाज वाटते."

वहिनी अजून सावरल्या नव्हत्या. नवऱ्यामागं मुलाच्या जिवावर उभी असलेली बाई ती.

"वन्सं, सोमवारी मला कोर्टात घेऊन जाणार आहे तो. जजसाहेब विचारतील म्हणाला, राजी हो क्या? नुसती मान हलवायची." त्या आत्यांकडं वळल्या. "मी नाही म्हटलं, तर पडेल ना हो पोर निवडणुकीत?"

"पडेल," आत्या म्हणाल्या. त्यांना खोटं सांगवेना.

फराळाच्या ताटल्या तशाच पडून होत्या. मग रुक्मिणीवहिनींनी पदर सारखा केला आणि मुलाकडं न बघता विचारलं,

"वन्सं, माझं हिंदी कच्चं. जजसाहेबांना 'नाही' समजेल ना?"