एक्केचाळीस थांब

उघड

विनीता सरदारनं खुरप्याची मूठ मोटरीच्या डब्यावर तीनदा आपटली आणि विचारलं, "ह्याला कान हायेत का न्हाईत?"

"डबा हाय तो," श्यामसुंदरकाका म्हणाले. "कान कुठनं येणार? जीभ तेवढी हाय. ती बी माझी."

दोघं बोलत होते बंगालीत. पण भेरीकाठची ही बंगाली माझ्या कानाला आमच्या गावाकडच्या बोलीसारखीच लागते, तेव्हा तशीच सांगतो. भेरी म्हणजे मासळीचं उथळ, पसरट तळं. कोलकात्याचं सांडपाणी कालव्यानं इथवर येतं, उन्हात निवळतं आणि त्यावर रोहू-कातला पोसतात. भेरीच्या तोंडाशी लोखंडी फाटक आहे, ते आता हा डबा मोटरीनं उघडतो-मिटतो. फाटक उघडलं की पाणी तळ्यात. बंद ठेवलं की तेच पाणी खाली भाजीवाल्यांच्या वाफ्यात. विनीताचा वाफा सगळ्यात खाली, कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला.

"सतरा दिस झालं," ती म्हणाली. "टेलला थेंब न्हाई. माझा लाल माठ उभ्याउभ्या वाळला. चावून बघ, पापड लागंल."

"मला काय सांगतीस? मी राखणदार. डब्यावर शेळ्या चढू नयेत म्हणून बसवलाय मला."

"आन् मालक कोण ह्याचा?"

काकांनी हनुवटी माझ्याकडं केली. "ह्यो काय. बगळ्यावानी उभा ऱ्हायलाय."

बांधावर जाळं सोडवणारे चौघं हसले. मीही हसलो. माझ्याबरोबर आई होती, ती हसली नाही. तिला बंगाली येत नाही. पण खुरपं घेतलेली बाई फाटकावर का भांडते, हे कळायला तिला भाषा लागत नाही.

"बघतो," मी विनीताला म्हणालो.

"बघून काय व्हनार? सतरा दिस मी बी बघतेच हाय."

थांब

डबा मी बनवला. हे आधीच सांगायला हवं होतं.

उघड

मी ऋषिकेश. गाव सांगली जिल्ह्यातलं, तेही एका कालव्याच्या टेललाच. नोकरीसाठी कोलकात्याला आलो, सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपन्यांत सहा वर्षं दुसऱ्यांची कामं केली. मग अनीशबरोबर स्वतःची कंपनी काढली. अनीश इथंच जन्मलेला. त्याचं मराठी तीन पिढ्यांच्या प्रवासात थोडं झिजलंय.

भेरीचं सगळं गणित फाटकावर असतं. सांडपाणी कमी घेतलं तर मासा उपाशी. जास्त घेतलं तर पहाटे पाण्यातली हवा संपते आणि मासे वर येऊन तोंडं वासतात. किती घ्यायचं, हे चाळीस वर्षं एकटे श्यामसुंदरकाका ठरवत. उजाडताना गुडघाभर पाण्यात उतरायचे, ओंजळ तोंडात घ्यायची, गालातून गालात फिरवायची, थुंकायची. मग एक शब्द. उघड. किंवा थांब.

चौदा महिने मी त्यांच्या शेजारी उभा होतो. पाण्यात आमच्या पाणी मोजणाऱ्या कांड्या रोवलेल्या, त्यांचे आकडे फोनवर येत. आकड्यांपुढं मी काकांचा शब्द टाकायचो. असे चारशेवर दिवस झाले, तेव्हा डबा काकांसारखं बोलायला शिकला. मग काकांच्या आधी बोलायला लागला. शिवाय डब्याला ताप येत नाही, त्याची बायको वारत नाही.

मासळी एक षष्ठांशानं वाढली. भेरी चालवणाऱ्या मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी सुधाकर नस्कर यांनी मला रसगुल्ला भरवतानाचा फोटो काढून घेतला. व्हिएतनामच्या कोळंबीवाल्यांचं पत्र आलं: त्यांना असे नऊशे डबे हवेत. एका परिषदेत आम्हाला मानपत्र मिळालं, त्यावर 'जगाच्या वाढीची नवी वाट' असं इंग्रजीत छापलंय. सादरीकरणाच्या पहिल्या पानावर काकांची ओंजळ आहे. नुसती ओंजळ. चेहरा अनीशनं कापला. "चेहरा असला की लोक त्याच्याकडेच बघते," तो म्हणाला.

आता चूक सांगतो. चारशेतले एक्केचाळीस दिवस असे होते की पाणी चांगलं, आकडे चांगले आणि तरी काका म्हणाले 'थांब'. त्या एक्केचाळीस दिवसांनी डबा गोंधळायचा. मला वाटलं, म्हातारा माणूस, जिभेची चव गेली असेल. मी ते दिवस पुसले.

थांब

खोटं. मला तसं वाटलं नव्हतं.

त्या एक्केचाळीस दिवसांत विनीता बांधावर येऊन बसलेली असायची. किंवा तिच्या शेजारचा कुणी. काही मागायचे नाहीत. विडी ओढायची, पाण्याकडं बघायचं. काका ओंजळ तोंडात घ्यायचे, थुंकायचे, त्यांच्याकडं न बघता म्हणायचे, "थांब. आज नको." आणि ती माणसं उठून खाली जायची, वाफ्यांची तोंडं मोकळी करायला.

मी टेलच्या गावात वाढलो. पाण्याची पाळी म्हणजे काय, हे मला ओंजळीतून शिकायची गरज नव्हती. पहिल्या खेपेलाच कळलं. पण ते आकड्यात बसत नव्हतं, आणि एक षष्ठांश छान दिसत होतं.

एक्केचाळीस ओळी होत्या. पुसायला एक कळ लागली.

उघड

घरी आल्यावर आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "ती बाई टेलची न्हवं?"

"हो."

"आन् तुझा डबा पाळी मोडतोय."

"डब्याला पाळी माहीत नाही, आई."

"त्याला म्हाईत नसंल. तुला?"

मी तिला त्या पुसलेल्या दिवसांचं सांगितलं.

"आपल्या गावात पाटकरी व्हता सदबा," ती म्हणाली. "कालव्याची दारं त्याच्या हातात. येकदा सोयऱ्याच्या उसासाठी त्यानं टेलची पाळी मोडली. गावानं त्याला मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. त्याच्या घरचं पाणी प्यायचं तेवढं सोडलं. चार वर्सं. घरी पाव्हणा गेला तर तांब्या तसाच परत. शेवटाला त्यानं चाकरीच सोडली."

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"पान्याला तेव्हा आन् आता असतंय व्हय? त्या म्हाताऱ्यानं तुला सगळं दिलं. त्यातनं तू चव ठेवलीस आन् चांगुलपणा निवडून टाकलास, खड्यावानी."

तिनं भाकरी उलटली. "जेव," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अनीशला सांगितलं, ते दिवस परत घालतोय.

"पागल झाला का तू?" तो म्हणाला. "परवा व्हिएतनामचा डेमो. वाढ किती राहील?"

"एक नवमांश."

"मी लोकांना काय सांगू? की आमची मशीन दया करते?"

"सांग."

"तू बोल मग. माझ्या तोंडून हे निघणार नाही."

एक्केचाळीस ओळी परत घातल्या. पण त्या नुसत्या आकड्यांनी डब्याला काही कळेना. बांधावर कोण बसलंय, हे पाण्यातल्या कांडीला दिसत नाही. म्हणून फाटकाशी एक साधी कळ बसवली. ती दाबली की त्या दिवशी फाटक बंद. कळ दाबायचं काम सोसायटीनं काकांना दिलं. त्यासाठी सुधाकरबाबूंशी दोन तास भांडलो. "मासा कमी झाला तर तुमच्या घरी येऊन बसेन," म्हणाले. बसा म्हटलं.

काकांनी कळ दाबून बघितली. "येवढंच?"

"एवढंच."

"चव बी घेयाला नको?"

"नको, काका."

त्यांनी तळव्यानं तोंड पुसलं. "बरंय," म्हणाले. "तोंडाची घाण गेली."

त्या संध्याकाळी टेलला पाणी पोचलं.

थांब

इथं गोष्ट संपवली असती तर मी चांगला माणूस ठरलो असतो.

उघड

डेमोला पडद्यावर व्हिएतनामचे तिघं होते. अनीशनं सगळं दाखवलं. कळ आली तसा माझ्याकडं वळला. मी सांगितलं: खालच्या लोकांसाठी आहे, त्यांची पाळी असते. त्यांच्यातल्या बाईंनी वहीत लिहून घेतलं. फार छान कल्पना आहे, म्हणाल्या. आमच्याकडंही तळ्यांच्या खाली भातवाले आहेत, ते ओरडतात. मग थोडं थांबून, अगदी सौम्यपणे विचारलं, "ही सोय काढून टाकून डबे मिळतील ना?"

अनीशनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

मी म्हणालो, मिळतील.

काम पंधरा मिनिटांचं होतं. मीच केलं. नऊशे डबे, एकालाही कळ नाही.

महिनाभरानं एका रविवारी आई भेरीवर जाऊन आली. विनीतानं तिला लाल माठाची एवढी मोठी जुडी दिली होती, मुळांना अजून चिखल. दोघी तासभर बांधावर बसल्या होत्या, एक मराठीत, एक बंगालीत. आईच्या म्हणण्याप्रमाणं विनीताला तीन पोरी आहेत आणि थोरलीला गुडघ्याचं दुखणं आहे. कसं कळलं, देव जाणे.

आईनं लसूण ठेचून भाजी केली. वाढता वाढता म्हणाली, "बाई तुझ्यावर लई खूश हाय. हात जोडून दाखवत व्हती. म्या बी म्हटलं, टेलचंच पोरगं हाय, इसरंल कसं?"

मी घास घेतला.

"आन् ते परदेशातले डबे? तिकडं बी खालच्यांना पाणी सोडत्याल न्हवं?"

"सोडतील," मी म्हणालो.

"मग झालं तर." तिनं पातेलं पुढं ओढलं. "अजून वाढू? कवळी हाय."

मी ताट पुढं केलं.