तळव्यावरचं नाव

मी एक जुना लाकडी ठसा आहे, मित्रांनो. माझ्या पोटावर उलट्या अक्षरांत ‘शॅम्पेन’ असं कोरलेलं आहे. शॅम्पेन हा समुद्रापलीकडचा एक मुलूख. तिथल्या फेसाळत्या वाईनलाही मुलखाचंच नाव आहे. मी तो मुलूख कधी पाहिलेला नाही.

मला कोरलं ते आमच्या म्हाताऱ्याच्या वडिलांनी. द्राक्षं त्यांच्या विहिरीमागच्या उतारावरची, वाईन घरच्या तळघरात मुरलेली. पण मोठ्या नावावाचून बाटलीला कोण हात लावणार, असं त्यांना वाटे. पुढे मी म्हाताऱ्याच्या हाती आलो. शाईत बुडायचं, बाटलीवर चिकटवायच्या कागदावर टेकायचं, एवढंच माझं काम. अक्षर कसं ठसठशीत उमटतं, असं लोक म्हणत. दुपारी कागद वाळत पडले की मला डुलकी लागे आणि स्वप्नात त्या न पाहिलेल्या मुलखातल्या पांढऱ्या मातीच्या टेकड्या दिसत. तिथे कुणीतरी हळूच विचारी, तू कुणाचा? तोच मला जाग येई.

एके दिवशी दुकानदाराने सगळ्या पेट्या परत पाठवल्या. आता ते नाव फक्त त्या मुलखातल्या वाईनलाच लावायचं, असा नियम झाला होता. तळघर भरून राहिलं. मी कपाटात धूळ खात पडलो.

आपल्या उताराचंच नाव लावू या, असं सूनबाईने सुचवलं.

“त्या उताराला ओळखतं कोण?” म्हातारा म्हणाला. “शेळ्या.”

“आणि उद्या परक्या कुणी आपल्या उताराच्या नावाने वाईन विकली, तर चालेल तुम्हाला, मामंजी?”

म्हातारा खिडकीशी जाऊन उताराकडे बघून आला. मग मला खिशात घालून सुताराकडे गेला. सुतार माझ्या पोटावर रंधा फिरवणार, तोच म्हाताऱ्याने त्याचा हात धरला.

“ते आमच्या बाबांचं अक्षर आहे. पाठीवर कोर.”

आता माझी पाठ ‘विहिरीमागचा उतार’ असं छापते. दुकानदाराने कुरकुरत एकच पेटी ठेवून घेतली. पुढच्या खेपेला मात्र तो स्वतःच गाडी घेऊन दारात उभा राहिला. इतकी वर्षं दुसऱ्याच्या कोटात लग्नाला जात होतो, असं म्हातारा सुनेला हसत म्हणाला.

मित्रांनो, उसनं आणलेलं नाव ज्याचं त्याला परत द्या. पण ते ज्या हाताने कोरलं, त्या हाताची आठवण जपा. म्हातारा मला दाबतो, तेव्हा माझं पोट त्याच्या तळव्यात रुततं. तिथे शाईवाचून ते जुनं नाव सुलट्या अक्षरांत उमटतं. तो ते क्षणभर बघतो, आणि पुढचा कागद घेईपर्यंत ते मावळून जातं.