मी तोडलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. एका लहानशा छापखान्याच्या संगणकात राहतो आणि ओळीच्या शेवटी न मावणारे शब्द तोडतो. ओळ भरत आली की शब्दाचा अर्धा भाग तिथेच ठेवतो, पुढे छोटी आडवी रेघ देतो आणि उरलेला भाग खालच्या ओळीत ढकलतो. त्यामुळे ओळी दोन्ही कडांना सारख्या दिसतात. मला बनवणाऱ्यांनी मोजकेच नियम शिकवले: जोडाक्षर फोडायचे नाही, एकटे अक्षर कुठे सोडायचे नाही. अर्थ मात्र कोणी शिकवला नाही.

ती उणीव मुद्रिते तपासणाऱ्या ताईंनी भरून काढली. एकदा एका संस्थेच्या अहवालात मी ‘आजीवन’ हा शब्द ‘आजी’ आणि ‘वन’ असा तोडला. ताई खो खो हसल्या.

“अरे, सभासदांच्या आजीला वनात कशाला धाडतोस?”

मग त्यांनी न तोडायच्या शब्दांची एक यादीच केली. कोणताही शब्द तोडण्याआधी मी ती उघडून पाहत असे. वर्षे गेली आणि यादी चारशे शब्दांच्या वर गेली. माझ्या ओळींचे लोक कौतुक करत. ते खरे तर ताईंचे होते.

ताई निवृत्त झाल्या त्याच महिन्यात नवा संगणक आला. जाताना त्या मालकांना म्हणाल्या, “माझी यादी तेवढी नव्यावर घ्यायला विसरू नका हं.”

“नव्यात सगळं आपोआप होतं, ताई. तुम्ही निवांत राहा.”

मला नव्यावर बसवले. यादी जुन्यातच राहिली आणि जुना संगणक जिन्याखाली गेला.

पुढे एका घड्याळजींची लेक छापखान्यात आली. वडील अंथरुणाला खिळले होते, डॉक्टरांनी थोड्याच दिवसांची मुदत दिली होती. गिऱ्हाइकांनी त्यांच्याविषयी लिहिलेल्या आठवणींचे पुस्तक तिला हवे होते. ते प्रत्येकाला आपल्या हाताने द्यायचे, एवढीच वडिलांची इच्छा होती. एका आठवणीत लिहिले होते, ‘तुमचे नाव या गल्लीत अजरामर राहील.’ नेमके ‘अजरामर’पाशी पान संपले. मी यादी शोधली, सापडली नाही. नियमात सगळे बसत होते. मी ‘अजरा’ पानाच्या तळाशी ठेवले आणि ‘मर’ पुढच्या पानाच्या माथ्यावर.

पुस्तके गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी लेक परत आली. तिने पुस्तक मालकांपुढे ठेवले.

“वाचा. आता पान उलटा.”

मालकांचा चेहरा उतरला. “अहो, ते आपोआप होतं...”

“आजारी माणसाच्या हातात दिलं मी हे. माझ्या हातांनी.”

“बाबा काय म्हणाले?”

“हसले. म्हणाले, मरतो गं, पण जरा सवडीने.” तिने पुस्तक मिटले. “पण ही पुस्तकं वाटायला तयार नाहीत. म्हणतात, चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ मी कधी कुणाला परत दिलं नाही. दुसरी छापून आण, तोवर थांबतो.”

मालकांनी ताईंना बोलावून घेतले. जुना संगणक काही केल्या सुरू होईना. ताई माझ्यासमोर बसल्या आणि आठवतील तेवढे शब्द पुन्हा लिहू लागल्या. जेमतेम नव्वद आठवले. मग त्यांनी सगळे पुस्तक मोठ्याने दोनदा वाचून काढले. छपाई आणि बांधणीला चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी मालक स्वतः गठ्ठे घेऊन गेले. परत आल्यावर ते खुर्चीत बसले.

“घड्याळजी सकाळीच गेले म्हणे,” ते ताईंना म्हणाले. “मुलीने ते पान उघडलं, त्या शब्दावरून बोट फिरवलं. म्हणाली, आता बरोबर आहे.”

मित्रांनो, तेव्हापासून ओळ भरत आली की मी अडखळतो, असे सांगायला मला आवडले असते. पण ते खोटे ठरेल. मी आजही पापणी लवायच्या आत शब्द तोडतो. मला अडखळता येत नाही, तुम्हाला येते. म्हणून माझी एवढीच विनंती आहे: माझे काम कितीही नीटनेटके दिसले, तरी छापण्याआधी कोणीतरी ते सावकाश वाचा. आणि ज्याच्या हातात ते कागद पडणार आहेत, त्याचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून वाचा.